लुगडं लांब झालं नव्हतं

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीला मी आत्याला इरकली लुगडं घेतलं. नेसून ओसरीवर आली, तर निऱ्या पायांत घोळत होत्या. "हल्ली पन्हा मोठा काढत्यात काय गं?" म्हणाली. मी ट्रंकेतलं जुनं लुगडं काढलं आणि नव्याला लावून धरलं. काठाला काठ जुळला. मग ध्यानात आलं, गेलं वर्षभर ती जुनी लुगडीसुद्धा कमरेशी जास्तीचं खोचूनच नेसत होती. फळीवरची लोणच्याची बरणी तिनं कधीच खाली आणून ठेवली होती. दारामागच्या खुंटीला पिशवी अडकवायची तर नातवाला हाक मारायची. लुगडं होतं तेवढंच होतं, आत्या बुटकी झाली होती.

आत्या तेव्हा पासष्टीची होती. तिचं गाव मंगळवेढ्याजवळ, काळ्या रानाचं, ज्वारीचं. "वय झालं की माणूस वाकतंच की," असं घरातले सगळे म्हणाले, ती स्वतःही म्हणाली. या एका वाक्यापायी आपल्याकडच्या किती बायका दुखणं अंगावर काढतात, म्हणून हा लेख लिहायला बसले. म्हातारपणी पाठीला येणारं पोक हे दर वेळी नुसतं वय नसतं. पुष्कळदा ते ऑस्टिओपोरोसिसनं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजारानं, मोडलेल्या मणक्यांचं पोक असतं. आणि मोडलेल्या मणक्यानंतरचा पुढचा मणका वाचवता येतो.

आदल्या उन्हाळ्यात कडब्याची पेंढी उचलताना तिच्या पाठीत 'कट्' झालं होतं. घरच्यांनी चमक भरली म्हणून ओळखीच्या पायाळू माणसाला बोलावलं. आपल्याकडची समजूत तुम्हाला माहीत असेल, पायाळूनं पाठीला पाय लावला की चमक निघते. त्यानं तीनदा पाय लावला. मग ती आठ दिवस अंथरुणावर. नंतर दवाखाना: इंजेक्शन, पट्टा, दुखायच्या गोळ्या. फोटो कुणी काढला नाही. दोन महिन्यांत दुखणं ओसरलं आणि सगळे विसरले. दिवाळीनंतर सोलापुरात हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे काढला, तेव्हा दिसलं: पाठीचे दोन मणके पुढून दबून लाकडाच्या पाचरीसारखे झालेले. म्हणजे ज्याला आम्ही चमक म्हणत होतो ते फ्रॅक्चर होतं, आणि त्या फ्रॅक्चरवर आम्ही माणूस उभा केला होता.

मंगळवेढ्याच्या मातीत हाडांची एक कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गावकूस कोसळून चोखोबा गाडले गेले, आणि नामदेवांनी ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली. ती हाडं बोलली. या आजारात मात्र हाडं बोलत नाहीत. मोडेपर्यंत दुखत नाहीत, सुजत नाहीत. मणक्याच्या तीन फ्रॅक्चरांपैकी सुमारे दोन तर मोडल्यावरही कुणाच्या लक्षात येत नाहीत, कारण कंबरदुखी म्हणून ती खपून जातात.

झीज वेगळी, ठिसूळपणा वेगळा

आधी एक गोंधळ सोडवू. गुडघे दुखतात, उठबस होत नाही, चालताना कुरकुर आवाज येतो, डॉक्टर म्हणतात "झीज झालीय". ही सांध्यातल्या कूर्चेची झीज. तिला संधिवाताच्या घरातलं दुखणं म्हणा. "मणक्यात गॅप आलाय" हेही बहुतेक वेळा मणक्यांमधल्या गादीबद्दल असतं. ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडाच्या आतलं बांधकामच विरळ होणं. बाहेरून हाड तेवढंच दिसतं, आत पोकळ्या वाढलेल्या असतात. एकाच बाईला दोन्ही असू शकतं, आणि दुखतात गुडघे म्हणून सगळी औषधं गुडघ्यांची चालू राहतात. न दुखणाऱ्या हाडाकडे कोण बघणार?

आत काय होतं ते माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात राहिलेल्याला पटकन समजेल. माळवद एकदा बांधलं की संपलं असं नसतं. दरवर्षी पावसाळ्याआधी भेगाळलेली जुनी माती खरवडायची आणि नवी पांढरी माती टाकून चोपायची. हाडही असंच सतत डागडुजीत असतं. एका जातीच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या जातीच्या तिथं नवं भरतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा असा दरवर्षी नवा होतो. पंचविशी-तिशीपर्यंत भरणी जास्त, खरवड कमी, त्यामुळे हाड भरत जातं. पुढं काही वर्षं दोन्ही बरोबरीत. मग खरवड पुढे आणि भरणी मागे पडते. माळवदावर दरवर्षी एक पाटी माती काढली आणि पाऊणच पाटी टाकली तर पहिल्या वर्षी काही कळत नाही. पंधराव्या वर्षी एखादा साधा पाऊस पुरतो.

बाईच्या शरीरात खरवडणाऱ्या पेशींवर एक मुकादम असतो. तो म्हणजे इस्ट्रोजेन, स्त्रीबीजकोशातून येणारा संप्रेरक. पाळी गेली की हा मुकादम काम सोडतो. म्हणून पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाड झपाट्यानं उतरतं, काही बायकांचं तर या काळात २० टक्क्यांपर्यंत. पुरुषांची हाडंही वयानं विरळ होतात, पण त्यांच्यात असा एकदम उतार येत नाही, आणि मुळात त्यांचा साठा मोठा असतो.

भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय पन्नाशीच्या अलीकडेच, छेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास आहे. त्यात आपल्या भागात "पिशवी काढली" हे शब्द प्रत्येक वाड्यावस्तीवर ऐकू येतात. अंगावरून जातं म्हणून, पोटात दुखतं म्हणून, रोजच्या मजुरीला अडचण नको म्हणून. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या तेव्हा राज्याचं लक्ष तिकडं गेलं. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोश काढले असतील तर पस्तिशी-चाळिशीतच पाळी गेल्यासारखं होतं. म्हणजे हाडाची उतरण दहा-पंधरा वर्षं आधी सुरू. बीजकोश ठेवले असले तरी ते थोडे लवकर थकू शकतात. म्हणून पिशवी काढलेल्या बाईनं आपल्या कागदावर "काय काय काढलं" ते नक्की बघून ठेवावं. आत्याची चाळिशीच्या आत काढली होती. कागद सापडला नाही. बीजकोश राहिले का गेले, तिला आजही सांगता येत नाही, आणि तेव्हा तिला कुणी विचारलंही नव्हतं.

याशिवाय लहानपणापासूनची अर्धपोटी वर्षं. सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं. लवकर लग्न, बाळंतपणं जवळजवळ. किडकिडीत अंगकाठी. दातांना मशेरी, कारण तंबाखू हाडालाही खाते. आईचा किंवा मावशीचा खुबा मोडला असेल तर तोही धोका लेकीकडे येतो.

भिंतीपाशी उभं राहून बघा

घरच्या घरी दोन गोष्टी बघता येतात. भिंतीला टाचा आणि पाठ टेकवून, नजर समोर ठेवून उभं राहायचं. डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकला पाहिजे. आत्याला उभं केलं तर डोकं आणि भिंत यांच्यात माझी चार बोटं आडवी मावली. दुसरं म्हणजे उंची. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त घट झाली असेल तर मणक्याचा एक्स-रे काढायला सांगावा. तरुणपणची उंची खेड्यात कुणाकडे लिहिलेली नसते. पण लुगडं, खुंटी, फळी, बहिणीच्या खांद्याशी लागणारा खांदा, या सगळ्या नोंदीच आहेत.

तिसरी खूण शरीर स्वतःच देतं: उभ्या उंचीवरून पडल्यावर हाड मोडणं. बरं हाड असं मोडत नाही. पन्नास-पंचावन्नच्या बाईचा पाय घसरला, हात टेकला आणि मनगट मोडलं, तर प्लॅस्टर घालून घरी पाठवून देतात. दीड महिन्यानं प्लॅस्टर निघतं आणि विषय संपतो. वास्तविक तिथं विषय सुरू व्हायला हवा. मनगट ही पहिली नोटीस असते. तिच्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी मणके आणि मग खुबा, असा याचा प्रवास पुष्कळदा दिसतो. प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा: "साहेब, एवढ्याशा पडण्यानं हाड का मोडलं?"

पक्की तपासणी म्हणजे डेक्सा. झोपवून खुबा आणि कमरेचे मणके यांची घनता मोजतात, दुखत नाही, किरणंही अगदी थोडी. त्यात 'टी-स्कोअर' नावाचा आकडा येतो. उणे १ किंवा त्याहून वर असला तर ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधला असला तर हाड उतरायला लागलंय. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस. हे मशीन तालुक्याला सहसा नसतं, शहरात जावं लागतं. गावात शिबिरं होतात तेव्हा टाचेला लावायचं छोटं मशीन आणतात. त्यातून अंदाज कळतो, निदान होत नाही. त्या चिठ्ठीवर कुणी महागडे डबे विकत असेल तर घेऊ नका. उलट, साध्या पडण्यानं खुबा किंवा मणका मोडलेलाच असेल तर डेक्सा होईपर्यंत थांबायचीही गरज नसते. मोडलेलं हाड हाच पुरावा, उपचार सुरू करता येतात. सोबत रक्तातलं कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, किडनी, थायरॉइड बघतात, कारण कधीकधी हाड विरळ होण्यामागं दुसराच आजार लपलेला असतो.

ताटातलं कॅल्शियम

आमच्या भागाचा ज्वारीचा अभिमान मला पुरेपूर आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या भाकरीला तोड नाही. पण ज्वारीत कॅल्शियम फार कमी. शंभर ग्रॅम पिठात जेमतेम पंचवीस-तीस मिलीग्रॅम. त्यातही धान्यातले काही घटक कॅल्शियम धरून ठेवतात आणि ते अंगाला लागू देत नाहीत.

एकदा आत्याच्या दिवसाचा हिशोब मांडला. दोन भाकऱ्या: पन्नासेक. दोन-तीन कप चहातलं मिळून शंभर मिली दूध: एकशेवीस. शेंगाचटणी, पातळ डाळ, कालवण: पन्नास-साठ. दिवसाला अडीचशेच्या आतच. पाळी गेलेल्या बाईला लागतं १००० ते १२००. गोठ्यात दोन म्हशी होत्या. पण सकाळचं दूध डेअरीला, संध्याकाळचं नातवंडांना. आत्याच्या वाट्याला चहातला रंग. हे मी तिच्या सुनेच्या माथी मारणार नाही. आत्यानं स्वतःच आयुष्यभर असं वाटप केलं होतं.

कमी पडलेलं भरून काढायला बाजारातली पावडर लागत नाही. एक मोठा पेला म्हशीचं दूध म्हणजे अडीचशेच्या आसपास. वाटीभर दही म्हणजे आणखी दीड-दोनशे. दूध सोसत नसेल तर दही-ताक सोसतं, पण ताक पाणी घालून पारदर्शक केलेलं नको. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास. आमच्याकडे ती पिकत नाही, पण सोलापूरच्या बाजारात मिळते, आणि ज्वारीच्या दळणात चौथा हिस्सा मिसळली तर भाकरी थापायलाही त्रास होत नाही. हुलगा तर आपलाच. कोरडवाहू रानातला, गरिबाचा म्हणून हिणवलेला. शंभर ग्रॅमला अडीचशेहून जास्त. हिवाळ्यात हुलग्याचे शेंगोळे घरोघरी होत, ते पुन्हा व्हायला हवेत. मोड आणून केलेली उसळ आणखी चांगली लागू पडते. तीळ न पॉलिश केलेले, भाजून कुटलेले, रोज दोन चमचे. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतो तसे वर्षभर थापायला कुणाची ना नाही. तिळातलं सगळं कॅल्शियम पचत नाही, तरी भर पडते. शेवग्याचा पाला परसात फुकट असतो. पालकात मात्र कॅल्शियम असूनही ते बांधलेलं असतं, त्यावर भिस्त ठेवू नका. आणि डाळी, उसळी, चालत असेल तर अंडी, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो, कॅल्शियम त्यावरचा गिलावा.

मोबाइलवर फिरणारा "गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खा" हा सल्ला आत्यापर्यंतही पोहोचला होता. चुना तोंडाची आणि अन्ननलिकेची आतली त्वचा भाजतो, आणि दाणा कुणाचा केवढा याला माप नाही. दूध-दही असताना हे कशाला?

खाण्यातून भागत नसेल तर डॉक्टर कॅल्शियमची गोळी देतात. साधी कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, लोहाच्या गोळीसोबत घेऊ नये. एका वेळी पाचशेहून जास्त शरीर नीट शोषत नाही, म्हणून दोनदा विभागून. मुतखडा होऊन गेला असेल तर आधी सांगावं. आणि एक गैरसमज: कॅल्शियमची गोळी म्हणजे ऑस्टिओपोरोसिसचं औषध नव्हे. ती माती आहे. गवंडी थकला असेल तर मातीचा ढीग तसाच पडून राहतो.

एवढं ऊन असून

सोलापूरच्या उन्हाबद्दल मी वेगळं काय सांगू? तरीही इथल्या बायकांत ड जीवनसत्त्व कमी निघतं, आणि हे ऐकून लोकांना नवल वाटतं. ड जीवनसत्त्व तयार होतं ते कातडीवर थेट पडलेल्या उन्हातून. डोक्यावर पदर, पूर्ण बाह्यांचं झंपर, रानात जाताना वरून नवऱ्याचा जुना शर्ट. उघडी राहतात ती तळहात आणि नाकडोळे. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो, आणि सत्तरीतली कातडी तरुणपणीपेक्षा कितीतरी कमी बनवते. शिवाय रान सुटलं की बाई ओसरीच्या सावलीला बसते. शहरात विडी वळणाऱ्या बायकांचं तर आयुष्यच घरात, सूप मांडीवर घेऊन, वाकून गेलं.

सकाळचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात कामाचे किरण फार थोडे. साधा नियम असा, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन उपयोगी. थंडीत ही वेळ दुपारच्या आसपास येते, उन्हाळ्यात दहाच्या आधीच. हात कोपरापर्यंत आणि पाय पोटऱ्यांपर्यंत उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी हा प्रयोग मुळीच करू नका.

रक्तात फारच कमी निघालं तर आठवड्याला एक ६०,००० युनिटची पुडी काही आठवडे देतात. आठवड्याला एक. आत्याच्या शेजारणीनं ती रोज एक अशी दहा दिवस घेतली, कारण दुकानदारानं दहा दिल्या आणि कुणी समजावलं नाही. ओकाऱ्या, मलावरोध, सतत तहान, गोंधळल्यासारखं बोलणं. ड जीवनसत्त्व अंगात साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे, आणि वाकणं म्हणजे शत्रू

"आम्ही जन्मभर कष्ट केले, आमची हाडं कशी ठिसूळ होतील?" हा प्रश्न रास्त आहे. भार पडला की हाड घट्ट होतं हे खरंच आहे. उभं राहणं, चालणं, ओझं वाहणं यांनी तरुणपणी हाड भरलं असणार. पण खाणं अपुरं असताना नुसता भार हाडाला भरून काढत नाही. आणि विरळ झालेल्या मणक्याला एक गोष्ट अजिबात चालत नाही, ती म्हणजे कमरेतून पुढं वाकून वजन उचलणं. वाकल्यावर सगळा दाब मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि तीच कड चेपते. आता बाईचं दिवसभराचं काम आठवा: अंगण झाडणं, खुरपणं, हंडा उचलणं, चुलीपुढं बसणं, भांडी घासणं. सगळं वाकून.

आत्याला काम सोड म्हणणं म्हणजे तिला जिवंतपणी बाजूला सारणं. म्हणून कामाची पद्धत बदलली. खराट्याला लांब दांडा बसवला. हंड्याऐवजी दोन लहान बादल्या, अर्ध्या भरलेल्या, दोन हातांत, अंगालगत. खालचं काही उचलायचं तर पाठ ताठ ठेवून गुडघ्यात वाकायचं, आणि गुडघे साथ देत नसतील तर सरळ दुसऱ्याला सांगायचं. चुलीचा ओटा केला, भाकरी उभ्यानं थापते. एसटीत मागच्या सीटवर बसायचं नाही, कारण खड्ड्यात बसलेला एक दणका ठिसूळ मणक्याला पुरतो. मोटारसायकलवर मागं एका बाजूला बसून जाणं तर बंदच.

व्यायाम म्हणून चार-दोन गोष्टी पुरतात. दाराच्या चौकटीला धरून टाचा वर-खाली. बाजेवरून हात न टेकता उठणं, बसणं, पुन्हा उठणं. चौकट धरून एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहणं. भिंतीला पाठ लावून खांदे मागं दाबणं. आणि रोज अर्धा तास चालणं. पायांच्या बोटांना हात लावायचे, पुढं वाकायची आसनं करायची, कमरेला पीळ द्यायचा, हे टीव्हीवर बघून करू नये. आत्या दर आषाढीला मंगळवेढ्याहून पंढरपूरला चालत जाते. पंचवीसेक किलोमीटर, डॉक्टरांनी आनंदानं परवानगी दिली. फुगडी मात्र बंद केली, तिचं तिला अजून वाईट वाटतं.

चमक भरली तर पायाळूचा पाय, तेल लावून रगडणं, मान-पाठ मोडून घेणं, हाडवैद्याचा झटका, यांतलं काहीही साठीपुढच्या बाईच्या पाठीवर करू नका. आधी फोटो. मी हे हात जोडून सांगते.

आणखी एक धोका बाजाराच्या दिवशी मिळतो: सांधेदुखीच्या पुड्या. "जडीबुटी आहे, दोन दिवसांत पळायला लागाल." खरंच पळायला लागतात, कारण कित्येकदा त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असतं. भूक वाढते, चेहरा गोल होतो, दुखणं गायब. आणि आतून हाड पोखरत जातं. दम्यासाठी, वातासाठी डॉक्टरांनीच स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या मनानं एकदम सोडायच्या नाहीत, तेही जिवावर बेततं. पण तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणार असतील तर हाडांसाठी काय करायचं हे त्याच डॉक्टरांना विचारायचं.

औषधं

खरी औषधं दोन कामं करतात. बहुतेक खरवड थांबवतात, एखादं नवी भरणी करतं. सर्वांत जास्त दिलं जाणारं, स्वस्तातलं औषध म्हणजे अलेन्ड्रोनेट, ७० मिलीग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा. मणका मोडण्याचा धोका त्यानं जवळपास निम्म्यावर येतो. घ्यायची रीत मात्र कडक आहे. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहाबरोबर नाही, दुधाबरोबर तर नाहीच. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि काही खायचं-प्यायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम करते. ज्यांना गिळायला त्रास आहे, ताठ बसवत नाही किंवा किडनी फार कमजोर आहे, त्यांच्यासाठी ही नाही.

ज्यांना ही रीत जमत नाही त्यांच्यासाठी झोलेड्रोनिक अॅसिड, वर्षातून एकदा शिरेतून. आधी किडनी आणि ड जीवनसत्त्व तपासून घेतात. पहिल्या वेळी एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी येते, घाबरायचं कारण नसतं. डेनोसुमॅब नावाचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी पोटाच्या किंवा दंडाच्या कातडीखाली देतात. चांगलं आहे, पण त्याची तारीख चुकली की थांबलेली खरवड उसळून येते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. सुगी आली, पाहुणे आले, पैशाची सोय झाली नाही, या कारणांनी जिथं तारखा पुढं जातात त्या घरानं ते सुरू करण्याआधी नीट विचार करावा, माझं स्पष्ट मत आहे. टेरिपॅराटाइड हे भरणी करणारं, रोजचं इंजेक्शन, जास्तीत जास्त दोन वर्षं, महाग. ज्यांचे बरेच मणके गेलेत त्यांच्यासाठी.

या औषधांचे दुर्मीळ दुष्परिणाम आहेत, जबड्याच्या हाडाचे आणि मांडीच्या हाडाचे. म्हणून दात काढायचे असतील तर आधी काढून घ्यावेत आणि दातांच्या डॉक्टरांना औषध सांगावं. मांडीत किंवा जांघेत नवीन दुखायला लागलं तर लगेच दाखवावं. काही वर्षांनी, बहुधा पाचएक, डॉक्टर पुन्हा तपासून औषध थांबवायचं का ठरवतात. जेनेरिक गोळी मागून घ्या, किमतीत मोठा फरक पडतो.

आणि पडणं टाळायचं. मोतीबिंदू पिकलाय, "पुढच्या वर्षी करू" असं चाललंय, तर ते ऑपरेशन हाडांसाठीसुद्धा आहे. रात्री लघवीला परसात जाणाऱ्या बाईला वाटेवर दिवा आणि उशाशी बॅटरी हवी. न्हाणीत शहाबादी फरशी गुळगुळीत झालेली असते, तिथं भिंतीला एक लोखंडी कडी ठोकून घ्या. ब्लडप्रेशरच्या गोळीनं उठताना भोवळ येत असेल तर सांगा.

एवढं करूनही खुबा मोडलाच तर ओळख सोपी आहे. पडल्यावर उभं राहवत नाही, तो पाय आखूड दिसतो आणि पंजा बाहेरच्या बाजूला पडलेला असतो. "वय झालंय, ऑपरेशन कशाला, झोपून राहील" हा निर्णय बाईसाठी सगळ्यात घातक. झोपून राहिली की छातीत कफ भरतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्त गोठतं. खुबा मोडलेल्या पाच म्हाताऱ्यांपैकी साधारण एक वर्षभरात दगावते ती अशानं. ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत व्हावं आणि दुसऱ्या दिवशी तिला उभं करावं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो, आधी त्याला गाठा. सत्तरीच्या पुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, ५ लाखांपर्यंतचं. ते पडण्याआधी काढून ठेवा, त्या धावपळीत आधार कार्डाचा फोन नंबर जुना निघतो.

आत्यानं गोळीसाठी सोमवार धरला. उपास असतोच, त्यामुळे उपाशीपोटीची आठवण वेगळी करावी लागत नाही. गोळी घेतली की ओसरीवरच्या खांबाला टेकून अर्धा तास बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलते, आणि "चहा घे की" म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला चहा का घ्यायचा नाही ते सांगते. आतापर्यंत गावातल्या सहा-सात जणी तिच्यामुळं फोटो काढून आल्यात. खुंटी आम्ही वीतभर खाली ठोकली. मोडलेले दोन मणके होते तसेच राहणार, ते उंच होत नाहीत. दिवाळीला गेले की मी तिला भिंतीशी उभी करते आणि हात आडवा घालून बघते. यंदाही चारच बोटं मावली.